चार मात्रांची जागा

इनास,

तुला निरोप द्यायच्या मिस्सेला किती माणसं आली होती, ते तुला कुणीतरी सांगायला हवं. चाळीस वर्षं तुझा संसार करूनही लुसीबाय सांगणार नाही, नवऱ्याची बढाई मारणं तिला जमत नाही. म्हणून ते काम माझ्याकडे. चर्च भरलं. अंगण भरलं. अंगणाबाहेरचा रस्ता भरला आणि आगाशीहून राजोडीला जाणारी बस जागच्या जागी थांबली. ड्रायव्हर उतरला, कंडक्टर उतरला, प्रवासी उतरले. एक म्हातारी तेवढी खिडकीत बसून राहिली, कारण तिला तिथून बरं दिसत होतं. त्या बसमधल्या एकालाही तू माहीत नसशील, तरी परत चढताना प्रत्येकाचे डोळे लाल. माझ्या लग्नाला याच्या निम्मी माणसं नव्हती. आणि जी होती त्यातली निम्मी तुझं फिडल ऐकायला आली होती, हे मला पंगतीत बसल्यावर कळलं.

तर पहिली गोष्ट ही की मला तुझा हेवा वाटतो. गेलेल्या माणसाचा हेवा करणारा मी बहुतेक पहिलाच असेन. निदान एका बाबतीत तरी मी पहिला.

आगाशीच्या शाळेत आपण एका बाकावर बसलो तेव्हापासून हे चालू आहे. मी वाडीवाल्यांचा वसंत, घरची केळी आणि सोनचाफा. तू राजोडीचा, बाप बँडमध्ये फिडल वाजवणारा. दोघांनी एकाच वर्षी वाजवायला सुरुवात केली. मी देवळातल्या भजनी मंडळात पेटीवर बसलो, तू चर्चच्या माडीवर फिडल घेऊन उभा राहिलास. सहा महिन्यांत माझी पेटी अख्ख्या आगाशीत ऐकू जायला लागली, वर्षभरात बोळिंजपर्यंत. पुढे तिथे टॉवर झाले तेव्हा सोमवारी संध्याकाळी आमचं भजन सुरू झालं की चौदाव्या मजल्यावरची माणसं गॅलरीत येऊन उभी राहायची, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. तू म्हणायचास, "वशा, ती वाळत घातलेले कपडे न्यायला येतात."

पण बोलावणं तुला यायचं. कोळ्यांकडची हळद, तुमच्यातली लग्नं, सोसायटीतला गणपती, सगळीकडे आपला इनास. बोळिंजच्या सोसायटीतली ती बाराव्या मजल्यावरची बाई आठवते? गाताना प्रत्येक ओळीला पट्टी बदलत होती. पेटीवर मी. दुसऱ्या ओळीला मी तिला माझ्या पट्टीत ओढायला लागलो, तिसऱ्या ओळीला आमची झोंबाझोंबी झाली, चौथ्या ओळीला ती रडकुंडीला आली. तेव्हा तू मागून फिडल लावलंस. ती जाईल तिकडे तू. ती घसरली की तू तिच्या आधी खाली जाऊन उभा. लोकांना वाटलं चालच तशी आहे. टाळ्या तिला मिळाल्या, प्रसादातला मोठा मोदक तुला, आणि मला सेक्रेटरीने विचारलं, "काका, तुम्ही रिहर्सलला आला नव्हता का?"

परतताना तू स्कूटरवर माझ्या मागे बसून म्हणालास, "वशा, तू पेटी फार छान वाजवतोस." मी फुगायच्या बेतात होतो तोच पुढचं आलं. "मधेमधे गाणारा येतो, तेवढं सोडलं तर."

हे आपलं भांडण. बाकी सगळी भांडणं मिटली. तुझ्या आंब्याची फांदी माझ्या मेहुण्याच्या पत्र्यावर आली ते भांडणसुद्धा मिटलं. हे मिटलं नाही. तुझं म्हणणं, मला साथ येत नाही. माझं म्हणणं, साथ म्हणजे न वाजवण्याचं निमित्त. ओळ संपल्यावर गाणारा श्वास घेतो, त्या रिकाम्या जागेत आम्ही बोटं पळवतो, त्याला भरणा म्हणतात, आणि माझ्यासारखा भरणा वसई तालुक्यात दुसरा कुणी करत नाही. तू म्हणायचास, "म्हणून तर गाणाऱ्यांना दम लागतो. तू त्यांना श्वास घ्यायला जागाच ठेवत नाहीस." मी म्हणायचो, "त्यांनी घरून घेऊन यावा."

आता ती पँटची गोष्ट. इतकी वर्षं मी ती सगळ्यांना सांगितली. आज तुला सांगतो, कारण तिचा अर्धा भाग मी कुणालाच सांगितलेला नाही.

महाशिवरात्रीची दुपार होती, आपण दोघं तिशीतले. देवळात आमचं भजन चाललेलं. दामूबुवा गात होते आणि त्या दिवशी त्यांचा आवाज बसला होता. तू कुठलंसं लग्न वाजवून सायकलवरून घरी चाललेला, अंगात बँडचा काळा सूट, टाय, पाठीला फिडल. भजन ऐकायला दारात थबकलास आणि बुवांनी हातानेच आत बोलावलं. तू हातपाय धुऊन आलास. आयुष्यभर उभं राहून वाजवलेला माणूस, कागदावर लिहिलेलं वाजवलेला. अभंग कुठे वळतो, कुठे थांबतो, काही ठाऊक नाही. तुझा चेहरा चुना फासल्यासारखा झाला होता. ते पाहून मला बरं वाटलं. मग तू मांडी घालायला गेलास आणि ती घट्ट पँट मागून टर्रकन फाटली. आमच्या पखवाजवाल्याने तो आवाज समेवर घेतला. कुणीतरी पंचा दिला. वर सूट आणि टाय, खाली पंचा, अशा अवतारात तू फिडल हनुवटीखाली धरलंस.

इथपर्यंत मी तीस वर्षं सांगितलं. नाक्यावर सांगितलं, बारशांना सांगितलं, तुझ्या पोरीच्या साखरपुड्यात तिच्या सासऱ्याला सांगितलं. दर वेळी पँट वीतभर जास्त फाटायची. अलीकडे तर त्या आवाजाने कबुतरं उडून कळसावर बसायची. तूही हसायचास, वर स्वतःहून आठवण करायचास, "वशा, ती कबुतरांची सांग."

पुढे काय झालं ते ना मी सांगितलं, ना तू.

तू वाजवायला लागलास तेव्हा पहिला थोडा वेळ कळलंच नाही की तू वाजवतोयस. बुवांचा आवाज वर जाताना फाटायचा. त्या फाटण्याच्या जागी तुझा सूर आधीच येऊन बसलेला असायचा, आणि बुवा त्याच्यावर पाय ठेवून पलीकडे जायचे. तिसऱ्या कडव्याला त्यांनी डोळे मिटले. चौथ्याला त्यांच्या गालावरून पाणी आलं. मी तेव्हा बारा वर्षं त्या माणसाशेजारी बसत होतो, एवढी दणदणीत पेटी वाजवत होतो, आणि माझ्याकडे बघून ते फक्त एकदा रडले होते, तेही पेटीची फळी त्यांच्या पायावर पडली तेव्हा. भजन संपल्यावर ते म्हणाले, "आज कुणीतरी मला हाताला धरून नेलं." बारा वर्षांत पहिल्यांदा. आणि तो हात माझा नव्हता.

त्याच संध्याकाळी मी नाक्यावर पँटची गोष्ट सांगायला सुरुवात केली. लोक हसत राहिले म्हणजे फिडलबद्दल कुणी बोलणार नाही, असा माझा हिशेब. तो बरोबर निघाला. आगाशीत आजही विचार, इनास देवळात काय करायला आला होता, तर सांगतील, पँट फाडायला आला होता. हे मी केलं. तुला कळलं होतं का, कोण जाणे. मला वाटतं कळलं होतं. तुला सगळं कळायचं आणि तू काही बोलायचा नाहीस, ही तुझी आणखी एक सवय, जिचा मला संताप यायचा.

त्या दिवशी मी तुला राजोडीच्या वाटेवर सोडायला आलो. वळणावरच्या क्रुसापाशी तू सायकल उभी केलीस, पंचा सावरलास आणि डोकं खाली घालून उभा राहिलास. इतका वेळ, की मी दोन विड्या संपवल्या. मग मी विचारलं, "काय मागितलंस एवढं? नवी पँट?"

"मागितलं नाही. आभार मानले."

"कुणाचे? देऊळ आमचं, बुवा आमचे, पट्टी काळी दोन. तुझ्या देवाचा यात काय संबंध?"

तू म्हणालास, "मला त्यातलं काही येत नव्हतं, वशा. हात थरथरत होता. तरी पडलो नाही. कुणीतरी धरलंच ना?"

इनास, तुझ्या वाजवण्याचा हेवा होताच. त्या क्रुसापाशी आणखी एक सुरू झाला. मी रोज सकाळी अंघोळ करून महादेवाला बेल वाहतो, सोनचाफ्याचं पहिलं फूल त्याचं. पण मला कधी कुणी धरल्याचं आठवत नाही. मी असा हात थरथरेल तिथे कधी गेलोच नव्हतो ना. काळी दोन, सतरंजी, शेजारी बुवा, समोर ओळखीचे चेहरे. पडायची सोयच नव्हती, मग धरणार कोण?

मागच्या आठवड्यात मी तुला बघायला आलो. ते शेवटचं. तू खिडकीपाशी आडवा, फिडल भिंतीवर, हाताची बोटं बारीक झालेली. लुसीबायने मला चहा दिला आणि तुला पेज. मी नेहमीप्रमाणे सुरू झालो, आमच्या वाडीत या वर्षी केळीचा घड एवढा मोठा लागला की उतरवायला अग्निशमन दल बोलवावं लागलं. तू हसलास, पण हसताना तुला धाप लागली. मग म्हणालास, "माझ्या मिस्सेला तू पेटी वाजव."

मी म्हटलं, "कसली मिस्सा? काहीतरी बोलू नकोस."

"फिडल असणार नाही. गायनवृंदाच्या मागे काहीतरी पाहिजे. तू वाजव."

"मी? चर्चच्या माडीवर? खुर्चीत बसून? तुमचं ते कागदावरचं मला वाचता येत नाही."

"कागद नको. ग्रेटा हाताने ताल देते. तिच्या हाताकडे बघ आणि तिच्या मागून जा."

"बाईच्या मागून जायचं वय गेलं माझं."

लुसीबाय हसली. तू हसला नाहीस. म्हणालास, "वशा, तुला साथ येत नाही असं मी आयुष्यभर सांगितलं. एकदा मला खोटं पाड." आणि हे म्हणताना तू जसं बघितलंस, त्याने मी चिडलो. कारण तू चिडवत नव्हतास. तू खरंच मागत होतास. माझ्याकडे कुणी असं काही मागितलेलं नव्हतं, आणि तेही जे मला येत नाही ते. मी उठलो, चपला घातल्या आणि दारातून म्हणालो, "तू मर तर आधी, मग बघू."

आपलं बोलणं असंच असायचं. मी विनोद केला. घरी जाताना वाटेत मला तो विनोद थोडा जड वाटला, पण म्हटलं सोमवारी येईन तेव्हा दुसरा करीन, त्यात हा बुडून जाईल. सोमवारी वाडीत फवारणी निघाली. मंगळवारी पाहुणे. बुधवारी पहाटे लुसीबायचा फोन आला. साऱ्या जन्मात माझं एकही ऐकलं नाहीस, फिडलला नवी तार घाल म्हटलं तरी नाही. नेमकं हेच ऐकलंस.

माझी मंदा म्हणाली, "अहो, जाणार ना वाजवायला?"

मी म्हटलं, "भजनातली पेटी चर्चात? उद्या महादेवाने विचारलं तर काय सांगू?"

"विचारलं तर मला बोलवा, मी बोलते त्याच्याशी. तुम्हाला महादेवाची भीती नाही. तुम्हाला त्या ग्रेटाची आहे."

खरं होतं. तुमच्या गायनवृंदाची ती म्होरकी शाळेत गणित शिकवते आणि माणसाकडे बघते तेसुद्धा उत्तर चुकल्यासारखं. गुरुवारी चारला मिस्सा, अकराला सराव. मी पेटी डोक्यावर घेऊन माडीचा तो अरुंद जिना चढलो. सवयीने चपला खाली काढल्या. वर पाहतो तो सगळे बूट आणि सँडल घालून उभे, अनवाणी मी एकटा. विचारलं, "सतरंजी नाही का?" ग्रेटाने खुर्ची दिली आणि पेटी टेबलावर ठेवली. खुर्चीत बसून भाता मारायचा म्हणजे खांदा कानाला लागतो. तू कधी मारला नाहीस, तुला कळणार नाही.

"अंकल, पहिलं जी मेजर."

"म्हणजे पांढरी पाच."

"तुम्ही त्याला काय म्हणता ते नंतर बघू. माझा हात हलतोय तोवर वाजवा. मूठ मिटली की थांबा."

"लगेच?"

"लगेच."

"आम्ही तिहाई घेऊन थांबतो."

"इथे नुसतं थांबायचं, अंकल."

शेवटचं गीत तुझ्या चालीचं होतं. ग्रेटा म्हणाली, "यात प्रत्येक ओळीनंतर चार मात्रा मोकळ्या आहेत. तिथे इनास अंकलचं फिडल यायचं. ती जागा आता तुम्ही भरा." इनास, ते ऐकल्यावर मला काय झालं सांगू? इतक्या दुःखातही मला आनंदच झाला. तुझी जागा. चार मात्रा, प्रत्येक ओळीला, भरलेल्या चर्चसमोर. मी दुपारी जेवलो नाही, वाडीतल्या पंपघरात बसून त्या चार मात्रांत बसतील अशा छत्तीस जागा, छत्तीस हरकती, तयार केल्या. एक तर अशी होती की तू कॉफिनमध्ये उठून बसला असतास.

चारला मी वर जाऊन बसलो. माडीवरून खाली तू दिसत होतास. तुला हार फार घातले होते आणि सोनचाफा माझा होता. पहिलं गीत बरं गेलं. मी ग्रेटाच्या हातावरून नजर हलवली नाही, पापणीही लववली नाही, दोन्ही डोळे चुरचुरायला लागले. मग अर्पणगीत आलं. खालून चार माणसं रोटी आणि द्राक्षारस घेऊन आल्तारच्या वेदीकडे संथ पावलांनी निघाली. गीताची शेवटची ओळ गायनवृंद परत परत म्हणायला लागला, आणि इथे माझा घात झाला. आमच्याकडे सगळे मिळून तीच ओळ परत घ्यायला लागले म्हणजे गजर आला, आणि गजर आला म्हणजे लय वाढवायची. पन्नास वर्षं हात तेच करत आलाय. त्याने मला विचारलं नाही. तो दुगणीत गेला.

वृंदातल्या बायका बिचाऱ्या गाता गाता पेटीमागे धावल्या. खाली मागच्या बाकांवर आगाशीची आमची माणसं बसली होती, त्यांना वाटलं आता आपलं काम आलं, त्यांनी टाळ्या धरल्या. टाळ्या ऐकून ती चार माणसं भराभर चालायला लागली. तुझा साडू द्राक्षारस सांभाळत जवळजवळ पळतच आल्तारपाशी पोचला. फादरांनी ते त्याच्या हातातून घेतलं आणि चष्म्याच्या वरून माडीकडे बघितलं. मग ग्रेटाने काय केलं असेल? तिने मूठबीठ मिटली नाही. सरळ माझा भाता हाताने दाबून धरला. पेटीने एक लांब कण्हणं काढलं आणि ती गप्प झाली.

यात मी एक अक्षर वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच नाही.

तुझ्या मिस्सेत. मला खोटं पाड म्हणालास आणि मी तुला तुझ्या कॉफिनसमोर खरं करून दाखवलं. मला उठून जिना उतरून वाडीत जावंसं वाटलं. पण जिन्यावर माणसं उभी होती आणि चपला सगळ्यांत खाली.

मग शेवटचं गीत. ग्रेटा माझ्याकडे न बघता हळू म्हणाली, "अंकल, चार मात्रा." पहिली ओळ झाली. जागा आली. छत्तीसच्या छत्तीस जागा डोक्यातून उडून गेल्या. मला आता थोर व्हायला काय हरकत आहे, मी लिहू शकतो की मी मुद्दाम हात उचलला. पण ऐकणारा तू आहेस. माझी बोटं भीतीने आखडली. एक षड्ज दाबलेला होता तो तसाच राहिला, आणि चार मात्रा रिकाम्या गेल्या.

त्या चार मात्रांत काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, आणि असं माझं कधी झालेलं नाही. लुसीबाय पहिल्या बाकावर होती. ती मान वळवून वर बघत होती. तू वाजवायचास तेव्हा ती त्या जागेला वर बघायची, हे मला माहीतच नव्हतं. माडीवर मी कधी नव्हतो. तिच्यामागे दुसऱ्या बाकावरच्यांनी वर बघितलं, मग तिसऱ्या. सगळं चर्च मिळून ऐकत होतं. तिथे काही नव्हतं आणि सगळे ऐकत होते. त्यांच्या तोंडावरून मला तुझी सुरावट कळत होती, कुठे चढतेय, कुठे खाली येतेय.

दुसऱ्या ओळीला बोटं मोकळी झाली होती. जागा परत आठवल्या होत्या, ती तुला उठवणारीसुद्धा. मी वाजवली नाही. षड्ज धरला, भाता हळू मारला, एवढाच की सूर तुटू नये. तिसऱ्या ओळीला तसंच. ग्रेटाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चार मात्रा हात हवेत तसाच धरून ठेवला. हात थरथरत होता माझा. खुर्चीत बसून, पांढऱ्या पाचात, परक्या गीतात, अनवाणी. पण पडलो नाही.

शेवटी तिने मूठ मिटली आणि मी थांबलो. लगेच.

सगळे उतरून गेले तरी मी वर बसून राहिलो. मला आभार मानायचे होते आणि कुणाचे ते कळत नव्हतं. महादेवाचे मानले. मग वाटलं, घर या दुसऱ्याचं आहे, याला वाईट वाटेल, म्हणून समोर बघूनही हात जोडले. मग तुझे मानावेसे वाटले आणि तिथे मात्र मी अडलो. तू हे दर रविवारी करत होतास? आयुष्यभर, दर रविवारी, तुला हे मिळत होतं? आणि मी तिकडे देवळात छत्तीस जागा भरत बसलो होतो. आभार राहिले बाजूला, इनास. परत हेवाच आला, पूर्वी कधी आला नव्हता एवढा.

तुला माती देऊन बाहेर आलो तर फाटकापाशी राजोडीची सोनूबाय. हातातली मासळीची टोपली तिने पायाशी ठेवली होती. मला म्हणाली, "वसंतभाऊ, आज इनासचा फिडल आयकला मी. या कानानी आयकला. कोन बसला व्हता वर?" मागे बोळिंजचे एक गृहस्थ होते, ते म्हणाले, "रेकॉर्डिंग लावलं होतं ना? काय क्लिअर साउंड होता." म्हणजे बघ. पन्नास वर्षांत मी पहिल्यांदा चांगला वाजलो आणि कौतुक तुझं. तू तर वाजवतही नव्हतास. मी सोनूबायला सांगायला तोंड उघडलं की वर मी होतो, मी, वाडीवाल्यांचा वसंत. पण तिचा चेहरा पाहिला आणि म्हटलं, "इनासच होता." ती म्हणाली, "तेच बोलते मी." टोपली उचलली आणि गेली.

काल मी लुसीबायकडे गेलो. ती तुझं फिडल पुसत होती.  पुसता पुसताच म्हणाली, "वसंता, जागा सोडलीस."

मी म्हटलं, "बोटं आखडली, लुसीबाय. घाबरलो."

"पहिल्यांदा. ते मला दिसलं. दुसऱ्यांदा?"

  तिने फिडल भिंतीवर लावलं आणि म्हणाली, "बरं केलंस. रविवारी कबरीवर मेणबत्ती लावायला जाईन तेव्हा सांगते त्याला."

इतकं सहज म्हणाली, पलीकडच्या खोलीत निरोप द्यायचा असल्यासारखं. इनास, माणूस गेल्यावरही ज्याच्याशी बोलायला बायको मेणबत्ती घेऊन येते, आणि जो ऐकतोय यात तिला जराही शंका नाही, त्याचा हेवा करू नको तर काय करू? मी घरी आलो आणि रात्रभर कूस बदलत राहिलो. लुसीबाय तुला सांगणार. ती तीन वाक्यांत सांगेल. वसंत आला, वाजवलं, जागा सोडली. साडू धावला ते सांगणार नाही, भाता दाबला ते सांगणार नाही, तुझ्या पँटनंतर त्या दिवशी देवळात काय झालं होतं आणि ते मी कुणापासून लपवलं, ते तर तिला ठाऊकच नाही.

आज शनिवार आहे. दुपारपासून लिहायला बसलोय, मंदाने दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा गार करून नेला. उद्या सकाळी हे पत्र घेऊन तुझ्यापाशी तिच्याआधी पोचायचं, एवढंच डोक्यात आहे. ती सात वाजता निघते. मी साडेसहाला येतो.